राणीचं पान

१८ फेब्रुवारी

चिंगे,

पन्नाशी उलटली, संशोधन केंद्रात हाताखाली माणसं आहेत, तरी मी तुला चिंगीच म्हणणार. आधीच सांगून ठेवते.

ह्यांना परवा घरी आणलं. उजवा हात आणि पाय गेल्यात जमा आहे, पण त्याहून वाईट म्हणजे बोलणं गेलं. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं, पण तोंडातून एकच शब्द येतो, 'हो'. पाणी हवं तरी हो, नको तरी हो, पाठ दुखतेय तरी हो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला असा झटका बसला की कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही म्हणण्याला सरळ 'हो' न म्हणणारा माणूस, आणि आता बघ. मी हे त्या नर्सला सांगून हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

बोलणं शिकवायला एक बाई येते. ती म्हणाली, घरच्यांची पत्रं मोठ्याने वाचून दाखवा, ओळखीचं बोलणं कानावर पडू दे. फोनचा उपयोग नाही. फोन लावला की माझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि अख्खा जन्म शिलाई मशीनपुढे काढल्यावर कानांकडून आणखी कसली अपेक्षा करायची! तेव्हा पत्र लिही. अक्षर न् अक्षर ह्यांना वाचून दाखवीन. जपून लिही, माझी उणीदुणी काढलीस तर मलाच ती घसा ताणून वाचावी लागतील.

आता कामाचं. आजारी पडायच्या आधी ह्यांनी मागच्या काचघरात टोमॅटोचे ट्रे पेरून ठेवले होते. बी उगवलंय. हे खूळ तूच लावलंस. घड्याळं दुरुस्त करून दमलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर पेपर वाचत पडावं, तर तू ह्यांना फुलांची लग्नं लावायला शिकवलंस, आणि हे डोळ्यात भिंग अडकवून घड्याळाच्या चिमट्याने टोमॅटोची फुलं सोलत बसले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण पलंग खिडकीशी लावलाय, तिथून काचघर दिसतं, आणि ह्यांची नजर तिथून हलत नाही. ती रोपं मेली तर ह्यांचं काय होईल ते मला लिहवत नाही. काय करायचं ते सांग. शिकाऊ मुलीला सांगतात तसं सांग.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

आणि भाऊजी, कारण हे तुमच्याही कानावर पडणार आहे. भाऊजी, तुम्ही मला भलतंच घाबरवलंत. आता बऱ्या बोलाने बरे व्हा.

ताई, घाबरू नकोस, रोपं सांभाळणं पोरं सांभाळण्यापेक्षा सोपं. सकाळी पाणी दे, थोडं, पानांवर नाही तर ट्रेच्या खालून. माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी देऊच नकोस. ऊन चढलं की काचघराची वरची झडप उघड, गारठा आला की लाव. झालं.

आता त्या रोपांची कुळकथा ऐक, म्हणजे काय बघायचं ते कळेल. भाऊजींकडे टोमॅटोच्या दोन जाती होत्या. एक 'राणी'. फळ असं गोड की चिरता चिरताच संपायचं, पण प्रकृतीने नाजूक. तुमच्या मातीत 'मर' आहे, म्हणजे मुळातून शिरणारा रोग. उभं झाड बसल्या जागी कोमेजतं. राणीला तो हमखास लागतो. दुसरा 'पैलवान'. त्याला मर शिवत नाही, पण फळाची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. मी पुठ्ठा म्हटलं की भाऊजी किती चिडायचे! कित्येक हंगाम राणी फूल धरायच्या आतच मरत होती. शेवटी एक फूल टिकलं, भाऊजींनी त्याला पैलवानाचा पराग लावला आणि एकच फळ धरलं. ट्रेमध्ये आहे ते त्याच फळाचं बी. यंदा पेरणार असं ते मला म्हणाले होते.

आता महत्त्वाचं. राणीचं पान सपाट असतं, बटाट्याच्या पानासारखं, कड गुळगुळीत. पैलवानाचं पान नेहमीच्या टोमॅटोसारखं, कडेला कातरलेलं. दोघांचं लग्न नीट लागलं असेल तर पोरांची पानं झाडून सगळी बापासारखी, कातरलेली येतात. तिसरं-चौथं पान फुटलं की ट्रे नीट बघ. एखाद्या रोपाचं पान सपाट दिसलं तर समज, तिथे लग्न लागलंच नाही, राणीने आपल्याच परागावर बी धरलंय. ते रोप कामाचं नाही. मर आधी त्याला लागेल आणि मग शेजाऱ्यांना. सरळ उपटून टाक, दयामाया न करता. आमच्या रोपवाटिकेत नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. राणीचं मूळ बी माझ्याकडे शीतकपाटात आहे, त्यामुळे राणी जाईल ही भीती नको.

मला चाचण्या संपेपर्यंत रजा नाही. मे महिन्यात येतेच.

चिंगी


१६ मार्च

चिंगे,

केलं गं बाई तुझं काम!

आधी ह्यांचं सांगते. तुझं पत्र वाचून दाखवलं तर केवढा आनंद झाला म्हणून सांगू! राणी-पैलवानाची गोष्ट शांतपणे ऐकली. सपाट पानाची रोपं उपटायचं आलं ना, तिथे एकदम 'हो! हो! हो!' सुरू. डाव्या हाताने पलंगाची दांडी बडवायला लागले, घामाघूम झाले. मी म्हटलं, अहो कळलं, मेहुणीने सांगितलंय अगदी तसंच करते. तर आणखी जोरात. आजारपणानंतर हा माणूस पहिल्यांदा कशासाठी तरी पेटून उठला. मला आता ह्यांचा प्रत्येक 'हो' ओळखता येतो. पाण्याचा वेगळा, कंटाळ्याचा वेगळा. हा अगदी बेंबीच्या देठापासून आलेला होता.

चौथं पान फुटलं तशी मी चष्मा लावून बसले. मला वाटलं, एखाददुसरं निघेल. कुठलं काय, चारात एक! पण चूक झाली असेल ही शंका काढून टाक. कातरलेली कड आणि दुमडलेली कड यातला फरक मला डोळे मिटून कळतो, पोट भरलं आहे मी त्यावर. जीव जरा कासावीस झाला, कारण तीच रोपं जास्त धट्टीकट्टी दिसत होती. पण दयामाया नाही म्हणजे नाही. सगळी उपटून खताच्या खड्ड्यात टाकली आणि मर पसरू नये म्हणून वर चुना टाकला.

एक उपटलेलं रोप ह्यांना दाखवायला नेलं. ह्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेनात. 'हो' म्हणाले, अगदी हळू, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही रडले. इतक्या वर्षांत ह्यांच्या कामाला माझा पहिल्यांदा हातभार लागला.

आता एक गुपित फोडते. तू म्हणतेस ते, त्या एका फळाचं बी हे नव्हे. ते ह्यांनी गेल्याच वर्षी पेरलं, तुला न कळवता. त्याची झाडं वाढवली, त्यांची फळं काढली आणि त्या फळांचं बी आता ट्रेमध्ये आहे. म्हणजे ही राणी-पैलवानाची पोरं नव्हेत, नातवंडं. तू आलीस की एकदम पुढ्यात ठेवणार होते. मेहुणीचा चेहरा बघायचा होता. मला तोंडाला कुलूप लावायला सांगितलं होतं, म्हणून मागच्या पत्रात गप्प बसले. पण आता एवढं झाल्यावर कसलं गुपित! पोरं काय नि नातवंडं काय, तुझ्या कामात काही फरक पडतो का?

तुझी ताई (आता रोपवाटिकेतली मुलगी)


२२ मार्च
(हे पत्र टाकलं नाही)

ताई,

फरक पडतो गं.

नातवंडांत सगळंच उलटं होतं. सपाट पान लपून बसणारं असतं. ते आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसतं. एकाकडूनच आलं तर कातरलेलं पान त्याला झाकून टाकतं. आपल्या आईचे डोळे काळे, बाबांचे काळे, आणि तुझे घारे निघाले, तसंच. म्हणून पोरांत ते कुणालाच दिसत नाही आणि नातवंडांत चारातल्या एकाला दिसतं. भाऊजी त्या एकाचीच वाट बघत होते. राणीचं पान आणि पैलवानाचे पाय असलेलं झाड त्यांना हवं होतं. सपाट पानाच्या झाडांच्या फळांत साखर जास्त भरते असं आमच्याकडे पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि पान तर चौथ्यालाच ओळखू येतं, फळाची वाट बघावी लागत नाही. म्हणून ती खूण. ज्या खुणेवरून ती रोपं जपायची, त्याच खुणेवरून तू ती उपटलीस, माझ्या सांगण्यावरून. कुठलं बी आहे हे मी विचारलंसुद्धा नाही. गृहीत धरलं आणि ऐटीत हुकूम सोडला.

ते आनंदाने ओरडत नव्हते. जिवाच्या आकांताने नको म्हणत होते.

आणि हे तुला कसं कळवू? फोनवर तुला ऐकू येत नाही. पत्र तू त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचणार. वाचता वाचता तुझा आवाज बंद पडेल, तू त्यांच्याकडे बघशील, आणि त्यांना तुझी समजूतही घालता येणार नाही. नाही जमत मला हे.


२३ मार्च

ताई,

झकास काम केलंस. आमच्या मुलींच्या तोंडात मारलीस.

भाऊजी, हे तुमच्यासाठी. नातवंडं! मला कळलं, भाऊजी. सगळं कळलं. आता लक्ष देऊन ऐका. उरलेली जी कातरलेल्या पानांची आहेत, त्यांतल्या दर तिघांपैकी दोघांच्या पोटात राणी आहे. दिसत नाही, पण आहे. आमच्या आईबाबांचे डोळे काळे असून ताईचे घारे निघाले ना, तसं. त्या झाडांना फळं येऊ देत. त्यांच्या बियांतून राणी पुन्हा वर येईल. एक हंगाम जास्त लागेल, एवढंच. तेवढा एक हंगाम थांबा, भाऊजी. माझ्यासाठी थांबा.

ताई, एकही रोप कुणाला देऊ नकोस. सगळी मोठ्या कुंड्यांत लाव, त्याच मातीत. आणि तू जेवतेस ना वेळेवर?

चिंगी


९ एप्रिल

चिंगे,

तुझ्यापासून एक लपवलं होतं ते सांगते. रोपं साफ केली त्या दिवसापासून हे जेवेनासे झाले. तोंड भिंतीकडे करून पडून राहायचे. चमचा नेला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात मन खचतं, गोळी देऊन बघू. मी सूप केलं, खीर केली, हातापाया पडले, चिडले, एकदा तर वाटी आपटली. काही उपयोग नाही. तुला कशाला लिहायचं, तू तिकडून काय करणार, म्हणून गप्प बसले.

मग तुझं पत्र आलं. 'झकास काम केलंस' वाचलं तर ह्यांनी तोंड फिरवलं. मला जरा लागलं. पण पुढे ते पोटात राणी असल्याचं वाचलं आणि हे वळले. भिंतीकडून माझ्याकडे. कागदावर बोट आपटायला लागले. पुन्हा वाचलं, पुन्हा बोट. तेवढाच भाग इतक्यांदा वाचायला लावला की मला पाठ झाला. आणि मग तोंड उघडलं, चिंगे. वाटीभर सूप प्याले. मी चमचा धरून रडत होते आणि हे पीत होते.

लपलेल्या राणीचा एवढा काय आनंद झाला ते मला कळलं नाही. विचार करायला लागलं की मी उठून कामाला लागते. जेवले, मला पुरे.

आता रागावू नकोस. तुझं पत्र यायच्या आधीच मी बरीचशी रोपं गल्लीत वाटून टाकली होती. काचघरात चाकाची खुर्ची फिरायला जागा हवी होती, आणि सगळे म्हणाले, काय एकसारखी सुबक रोपं आहेत! बेकरीवाल्याने नेली, वरच्या मास्तरांनी नेली. परत मागायला गेले तर मास्तरांच्या मांजरीने निकाल लावलेला, आणि बेकरीवाल्याने कुठे लावली ते त्यालाच आठवेना. माझ्याकडे पाच उरलीत. तुझ्या हिशेबाने त्यांतल्या काहींच्या पोटात असेल ना गं? ती ह्यांच्या खिडकीखाली लावलीत. मी दिवसातून दहा वेळा जाऊन बघते, जशी काही माझीच बाळंतपणं आहेत.

ताई


४ जून

चिंगे,

तू गेलीस आणि घर खायला उठलं.

चार दिवस बरं वाटलं. तू ह्यांना खुर्चीतून काचघरात नेलंस, फुलं दाखवलीस, ह्यांच्या डाव्या हातात तो चिमटा दिलास. घड्याळाचा चिमटा हातात आल्यावर ह्यांची बोटं जशी वळली, ते बघून मी आत निघून गेले. चांगल्यासाठीच केलंस तू, पण मला बघवलं नाही.

एक विचारायचंय. शेवटच्या दिवशी मी चहा घेऊन आले तर तू ह्यांच्या कानाशी वाकली होतीस. दोघंही रडत होता. मी दाराशीच उभी राहिले, चहा गार होईपर्यंत. काय सांगत होतीस? डॉक्टरांनी तुला एकटीला गाठून काही सांगितलंय का? असेल तर मला सांग. मी मोठी आहे तुझ्यापेक्षा, अशी सगळ्यांनी मिळून झाकपाक केलेली मला चालत नाही. हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय, पण तुझं उत्तर वाचून दाखवावंच लागेल. पाकीट दिसलं की ओरडतात.

ताई


११ जून

ताई,

डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलेलं नाही. मी भाऊजींची माफी मागत होते. वेळेवर आले नाही म्हणून.

फळं लालबुंद झाली की मगच काढ. प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेव, एकमेकांत मिसळू देऊ नकोस. गर भांड्यात काढून दोन-तीन दिवस आंबू दे, धुऊन घे आणि सावलीत वाळव. मग लगेच पाठव.

चिंगी


३० जुलै

चिंगे,

पाच पाकिटं सोबत पाठवतेय. बी धुवायचं काम ह्यांनी केलं. म्हणजे मी पाणी ओततेय आणि हे डाव्या हाताने भांडं धरून बसलेत. गर सांडला, अंथरूण बरबटलं, पण हे खूश होते. हा मात्र खरा आनंद होता, पैजेवर सांगते.

एक फळ आम्ही दोघांनी खाल्लं. पुठ्ठा नाही, पण राणीही नाही. ह्यांनी तोंड वाकडं करून माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही हसलो. पाचही झाडं ताठ उभी आहेत, मर नाही, काही नाही.

लवकर पेर. मला उगाचच घाई झालीय.

ताई


२१ ऑगस्ट

चिंगे,

दुसरा झटका आला. वाचले. पण 'हो'सुद्धा गेला.

कळतं की नाही ते डॉक्टरांना सांगता येत नाही. मला वाटतं कळतं. पाकीट दिसलं की अजून मान हलते. काहीही लिही, केंद्रातल्या भांडणांबद्दल लिही, पण लिही.

ताई


५ सप्टेंबर

ताई,

राणी उगवली. पाचपैकी तीन पाकिटांत. चौथं पान परवा फुटलं.

रोप प्रवासात टिकणार नाही, आणि तुझं पत्र वाचल्यावर मला थांबवेना. म्हणून एक पान तोडून बटरपेपरात गुंडाळून पाठवतेय. भाऊजींच्या हातात दे. डोळ्यांना नीट दिसत नसेल तर हातात दे, त्यांना कळेल.

ताई, पान बघितल्यावर तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. पाठवू की नको यात माझे दोन दिवस गेले. न पाठवावं तर ते न बघताच जातील, आणि पाठवावं तर तुला कळेल. मार्चपासून मी तुझ्याशी खोटं बोलतेय. तुझ्या मनात येईल ते खरं आहे. तू उपटलीस ती हीच, भाऊजी ह्याच रोपांची वाट बघत होते, आणि तू उपटलीस ती माझ्या सांगण्यावरून. मी मे महिन्यात त्यांच्या कानात हेच सांगत होते. यापुढचं तू विचारशील तेवढं सगळं खरं सांगेन.

चिंगी


१२ सप्टेंबर

चिंगे,

पाकीट उघडलं, पान बाहेर काढलं, आणि पत्राची घडी उलगडायच्या आतच ओळखलं. इतकी उपटली होती, विसरीन कशी? पत्र नंतर वाचलं. पहिल्यांदाच ह्यांना वाचून दाखवलं नाही.

पान डाव्या हातात दिलं. आधी नुसतंच धरून राहिले. मग अंगठ्याने कड चाचपली, देठापासून टोकापर्यंत, आणि पुन्हा. नाकाशी नेलं. ह्यांचे डोळे असे झाले, चिंगे, जसे दुकानात एखादं बंद घड्याळ चालू झालं की व्हायचे. कळलं ह्यांना. तेवढं तुझं काम झालं.

मग मी म्हटलं, "अहो, हीच ना मी उपटली? तुम्ही नको म्हणत होता ना?" माझ्याकडे बघत राहिले. पान बोटांत तसंच ठेवून माझं मनगट धरलं. मार्चमध्येही असंच धरलं होतं, आणि मी त्याचा अर्थ आनंद लावला होता. आता काय लावू? रागावलेत? समजूत घालताहेत? की नुसता हात धरायचा होता? 'हो' होता तोवर मला हवं ते त्यातून निवडून घेत होते. आता तेही नाही.

मार्चपासून ह्यांचं सगळं माझ्याच हातून होतंय. केस विंचरताना मी रोज सांगायचे, बघा, कसे साफ केले तुमचे ट्रे. रोज, चिंगे. भेटायला येईल त्याला ह्यांच्यासमोर ऐटीत सांगायचे की आता मीही ह्या कामात तरबेज झालेय. आणि हा माणूस पडल्या पडल्या ऐकत होता. त्यानंतरही माझ्याबरोबर फळ खाऊन हसला.

तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. तुला कळल्यावरही तू मला 'झकास' म्हणालीस, लहान पोरीला म्हणतात तसं. मग वाटलं, गुपित तर मी दडवलं होतं, तू काय करणार. मग ह्यांचा राग आला. काय अडलं होतं गंमत करायचं? आणि ह्यांच्या अशा अवस्थेत ह्यांच्यावर रागावले म्हणून स्वतःचाच राग आला. आता कुणावर रागवायचं तेच उरलं नाही. तिघांपैकी कुणीच काही वाईट चिंतलं नाही आणि तरी हे असं झालं. अशाचं काय करायचं असतं, तुला माहीत असेल तर सांग.

डॉक्टर सकाळी येऊन गेले. खांद्यावर हात ठेवला आणि नवीन औषध न लिहिताच निघाले, त्यावरून समजले. पान मुठीत आहे, सुकून चुरा व्हायला लागलंय. नर्स हात पुसायला काढत होती, मी काढू दिलं नाही.

खुर्ची पलंगाला लावून बसलेय. मला माफ केलंत का, एवढंच विचारायचंय. तीनदा तोंडाशी आलं आणि गिळलं. विचारलं तर उत्तर येणार नाही, आणि न विचारता हे गेले तर मी उरलेला जन्म ते विचारतच राहीन.

आता पत्र लिहू नकोस. वाचून दाखवायला माझा आवाज लागत नाही. ये.

ताई